रोजनिशी लिहायचीय? आधी कीर्द लिहा

महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत एक रोजनिशी आधीपासूनच खिळ्याला टांगलेली असते. कालनिर्णयाचं पान. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं ते तिथी, सण, मुहूर्त बघायला. घरोघरच्या बायकांनी मात्र त्याच्या चौकटींत ‘दूध १॥ लि.’, ‘सिलिंडर लावला’, ‘बाई नाही’, ‘पिंट्या ताप १०१’ असं लिहून लिहून त्याचं दप्तर करून टाकलं. गॅस किती दिवस पुरला, दूधवाल्याचे खाडे किती झाले, पोराला मागचा ताप कधी आला होता, सगळं तिथे सापडतं. आणि ह्याच बाईला विचारा, ‘तुम्ही डायरी लिहिता का?’ ती म्हणेल, ‘छे, आपल्याला कुठलं जमतंय!’

जमतंय की. आड येतो तो डायरीबद्दलचा समज. डायरी म्हणजे चिंतन, डायरी म्हणजे सुंदर भाषा, डायरी म्हणजे रोज काहीतरी गहन वाटलं पाहिजे. अशा तयारीने १ जानेवारीला बसलेला माणूस मकरसंक्रांतीच्या आत उठतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते ह्यालाच.

दुकानदार रात्री गल्ला मोजतो आणि कीर्द लिहितो. आज काय आलं, काय गेलं, कोणाकडे किती राहिलं. ‘आजचा धंदा मनाला उभारी देऊन गेला’ असं तो लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवख्याने पहिले दोन-तीन महिने रोजनिशी ह्याच पद्धतीने लिहावी. घडलेलं आधी, वाटलेलं मागून. वाटलेलं येतंच, त्याला बोलवावं लागत नाही. उलट फक्त वाटलेलंच लिहायला बसलं, की चौथ्या दिवशी लक्षात येतं, आपल्याला रोज साधारण तेच तेच वाटत असतं.

जुन्या नोंदी बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकीर्दी आहेत. कोणाला काय दिलं, कशापायी किती खर्च झाला, असल्या रुक्ष ओळी. त्यांतूनच अभ्यासकांना त्या काळचे भाव, सण, देणीघेणी कळतात. पाँडिचेरीत फ्रेंचांचे दुभाषी असलेले आनंद रंग पिळ्ळै १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होते. बंदरात कोणतं जहाज लागलं, मालाचा सौदा कसा ठरला, गव्हर्नर डुप्ले काय म्हणाला, गावात कसली कुजबुज आहे. आज त्या नोंदींतून अठराव्या शतकातलं पाँडिचेरी उभं राहतं, आणि लिहिणाऱ्याचा स्वभावही लपत नाही.

वही कोणती, पेन कोणतं

चामडी बांधणीची, फीत लावलेली, हातकागदाची महागडी वही घेऊ नका. कोणी भेट दिली असेल तर ती पाहुण्यांच्या सह्या घ्यायला ठेवा. इतक्या देखण्या पानावर ‘आज भेंडी जळली’ लिहायला हात धजत नाही, आणि आपल्याला तर भेंडीच लिहायची आहे.

साधी दोनशे पानी, रेघी, शिवलेल्या बांधणीची वही उत्तम. नुसती डिंकाने चिकटवलेली वही वर्षभर उघडझाप झाली की पानं सोडते. स्पायरल वही उघडायला सोयीची, पण कपाटात एकावर एक ठेवल्या की तारा एकमेकींत अडकतात आणि पाने फाटतात. कागद हाताला फार पातळ लागत असेल तर मागच्या बाजूला अक्षर उमटतं. पाकिटावर ७० किंवा ८० जीएसएम (कागद किती भरीव आहे त्याचं माप) लिहिलेलं असेल तर काळजी नाही.

तारखा छापलेली डायरी घ्यावी का? डिसेंबरात बँकांच्या, कंपन्यांच्या, औषधवाल्यांच्या फुकट डायऱ्या घरात येतात आणि मोह होतो. तिची अडचण अशी, की एक दिवस चुकला की कोरं पान तुमच्याकडे बघत राहतं. पाच पानं कोरी गेली की माणूस वही बंद करतो. शिवाय एखाद्या दिवशी दोन ओळी पुरतात, एखाद्या दिवशी लग्न असतं आणि तीन पानं लागतात. म्हणून पहिल्या वर्षी कोरी वही घ्या आणि तारीख हाताने घाला. फुकट डायरी हिशेबाला वापरा, तिथे ती चोख काम देते.

पेनाबद्दल एक चाचणी करून बघा. वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहा, एक दिवस वाळू द्या, मग वर पाण्याचा थेंब टाका. शाई पसरली तर ते पेन रोजनिशीला नको. धुतली जाणारी निळी फाउंटन पेनाची शाई आणि काही जेल पेनं इथे नापास होतात. साधं बॉलपेन सहसा तगतं. आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो, आणि चहाचा कप बाराही महिने.

तारीख, वार, गाव

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर वार, तारीख, पूर्ण साल आणि गाव लिहा. ‘ता. १५’ एवढंच लिहिणाऱ्यांची पंचाईत पुढे होते. वही सुटी पडली, पानं निसटली, की हे कोणतं १५ हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. तिथी लिहायची सवय असेल तर जरूर लिहा. आषाढी, सर्वपित्री, कोजागरी ह्या खुणा तारखेपेक्षा जास्त लक्षात राहतात, आणि सणांच्या तारखा दरवर्षी सरकत असल्यामुळे दोन्ही एकत्र लिहिलेलं पुढे उपयोगी पडतं.

वेळ: नवी शोधू नका, जुन्या वेळेला चिकटवा

‘रोज पहाटे पाचला उठून लिहीन’ हा संकल्प करणाऱ्याने आधी पाचला उठून दाखवावं, वही नंतर आणावी.

दिवसातली एखादी गोष्ट तुम्ही न चुकता करतच असता. रात्रीची औषधं घेणं, सकाळचा दुसरा चहा, डब्याची भाजी शिजेपर्यंतचा वेळ, दुकानाचं शटर ओढण्याआधीची पाच मिनिटं. तिला लागून रोजनिशी बसवा. वही त्याच जागी राहिली पाहिजे, औषधांच्या डब्याशेजारी म्हणजे शेजारीच. ‘आणतो कपाटातून’ म्हटलं की संपलं. पेन वहीला सुतळीने बांधून टाका. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर ह्याला पर्याय नाही.

झोपायच्या आधीची वेळ सगळे सुचवतात. मला ती तितकीशी पटत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाच्या नोंदी अंथरुणात ‘दमलो. झोपतो.’ अशा होतात. जेवण झाल्यावर, ओटा आवरायच्या आधी किंवा टीव्हीवर जाहिराती लागतात तेव्हा लिहिलेलं बरं. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी आल्यावर लिहावं आणि ‘दिवस’ कुठे बदलतो हे एकदाच ठरवून टाकावं, नाहीतर मंगळवार दोनदा येतो.

सुरुवातीला दहा मिनिटं. रंगात आलात तरी दहा मिनिटांनी थांबा. एका बैठकीत सहा पानं लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या सहा पानांच्याच धाकाने वहीकडे फिरकत नाही.

पहिला महिना: चार ओळी

पहिल्या महिन्यात रोज फक्त चार ओळी लिहा. एक ओळ हवेची किंवा तब्येतीची. एक ओळ आज काय झालं त्याची. एक ओळ कोणीतरी बोललेल्या वाक्याची, जशीच्या तशी. एक ओळ पैशाची. चार झाल्या की वही मिटा. पाचवी ओळ आपणहून आली तर येऊ द्या.

पैशाची ओळ अनेकांना खटकते. डायरीत कसले भाव लिहायचे! पण वीस वर्षांनी सगळ्यात आधी वाचली जाते ती हीच ओळ. आजी-आजोबा सोन्याचा भाव आणि वडापावची किंमत सांगताना डोळे मोठे करतात ते उगीच नाही. वांगी किती रुपये पाव, रिक्षाने किती घेतले, शाळेची फी किती भरली. लिहायला अर्धं मिनिट लागतं.

आता नमुना बघा. एका घरगुती रविवारची ही नोंद बहुतेक जण अशी लिहितात:

‘आजचा दिवस खूप छान गेला. मावशी आली होती. सगळे एकत्र जेवलो. खूप गप्पा झाल्या. मन प्रसन्न झालं.’

ह्यात खोटं काही नाही, पण हे कोणाच्याही घरचं, कोणत्याही वर्षातलं असू शकेल. आता त्याच दिवसाची कीर्दीच्या वळणाची नोंद:

‘रविवार, १५ जून २०२५, नाशिक. सकाळपासून भुरभुर. मावशी नऊच्या एसटीने आली. उतरल्या उतरल्या म्हणाली, “गुडघ्याचं कोणी विचारायचं नाही, मी चालतच येणार.” अर्ध्या वाटेत रिक्षा केली, ४० रु. केशर संपला, फळवाला आता लंगडा देतो, १२० रु. किलो. जेवताना बाबा आणि दादा पुन्हा जमिनीच्या विषयावर आले. आई आमरस वाढत राहिली, कोणी नको म्हणालं नाही. मावशी डबा विसरून गेली.’

ह्यात ‘छान’ नाही, ‘प्रसन्न’ नाही. मावशीचा हट्ट आहे, रिक्षाच्या ४० रुपयांत तिच्या गुडघ्याचं उत्तर आहे, आणि जमिनीच्या वादावर आईने काय केलं ते आहे. लिहिणाऱ्याला त्या वेळी काय वाटलं हे लिहिलेलंच नाही, पण दहा वर्षांनी वाचताना ते पानातून वर येईल. पहिल्या नोंदीतून काही वर येणार नाही, कारण तिच्यात काही ठेवलेलंच नाही.

ह्यासाठी दोन सवयी लावून घ्या. ‘छान, मस्त, भारी, वाईट, बोअर’ हे शब्द आले की पुढे ‘म्हणजे काय झालं?’ असा प्रश्न स्वतःला विचारा आणि त्याचं उत्तर लिहा. दुसरी सवय, माणसांची नावं आणि बोलणं त्यांच्याच तोंडचं लिहा. आजी मालवणीत बोलली तर मालवणीत, शेजारचे काका वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीत. ते प्रमाण मराठीत सुधारून घेतलं की माणूसच नाहीसा होतो. शुद्धलेखनाची फिकीर इथे करू नका, पेपर तपासायला कोणी येणार नाही.

भाषा कोणती, हाही प्रश्न येतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना मराठी लिहिताना अडतं, परदेशात वाढलेल्या मुलांना तर फारच. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता ती भाषा रोजनिशीची. अडलं तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत टाका आणि पुढे चला. जर्सी सिटीत बसून ‘आज स्नो पडला, ड्राइव्हवे साफ करून पाठ धरली’ लिहिणाऱ्याची नोंद अस्सल मराठीच आहे.

काहीच घडलं नाही तर

ही तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास येते. ऑफिस, घर, ऑफिस. रोज काय लिहायचं?

अशा दिवशी एकच गोष्ट निवडा आणि ती जवळून बघा. आज डब्यात काय होतं, कोणी केलं होतं, कितपत उरलं? लोकलमध्ये नेहमीच्या जागेवर आज कोण बसलं होतं? जिना चढताना कोणाच्या घरातून कसला वास आला? घरात सध्या काय बिघडलंय आणि दुरुस्तीवाला काय कारण सांगतोय? (ही नोंद तर ठेवाच. ‘उद्या येतो’ त्याने किती वेळा सांगितलं हे तारखेसकट दाखवता आलं की माणूस त्याच दिवशी येतो.) किंवा तुमच्या खोलीचं नुसतं वर्णन करा, पलंग कुठे, पंखा कसा आवाज करतो, भिंतीचा रंग कोणता. घर बदललं की ही पानं सोन्याच्या मोलाची होतात.

तरीही सुचलं नाही तर तारीख, हवा आणि ‘विशेष नाही’ एवढं लिहून वही मिटा. तीही नोंदच आहे.

खाडा पडला तर

पडणारच. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, नुसता कंटाळा. खाडा भरून काढायला बसू नका. आठ दिवसांचं मागचं आठवून लिहिणं म्हणजे गृहपाठ, आणि गृहपाठ कोणाला आवडतो? शिवाय ते आठवणीतून लिहिलेलं असतं. त्यात ताजी नोंद आणि नंतर जुळवलेली गोष्ट ह्यांची सरमिसळ होते.

आजच्या तारखेला लिहायला लागा. फार तर वर एक ओळ टाका, ‘५ ते १३ लिहिलं नाही, सासूबाई दवाखान्यात होत्या.’ मागचं काही मोठं राहिलं असेल तर ते आजच्या तारखेखालीच ‘आठवून’ असा शेरा मारून लिहा. वाचणाऱ्याला, म्हणजे पुढच्या तुम्हाला, ते कधी आणि कसं लिहिलं हे कळलं पाहिजे.

तिकिटं, बिलं, पत्रिका

वहीत काही चिकटवायची हौस असेल तर जरूर चिकटवा, पण एक सावधगिरी हवी. एसटीचं मशीनमधून निघालेलं तिकीट, एटीएमची पावती, मॉलचं बिल हे उष्णतेने छापलेले कागद असतात. काही महिन्यांत ते पांढरेफटक पडतात. म्हणून चिकटवलेल्या तिकिटाशेजारी पेनाने लिहा, ‘स्वारगेट ते महाड, २८० रु., खिडकीची जागा.’ चिकटवायला घरची खळ वापरू नका. पिठाची खळ म्हणजे कसरीला आणि झुरळांना आमंत्रण. चिकटपट्टीही पिवळी पडते आणि सुटते. साधी गोंदाची कांडी घ्या.

नोंद कामाची असेल तर

रोजनिशी मनाचीच असली पाहिजे असं थोडंच आहे. शेतकऱ्याच्या घरात तर शेतीची वही हीच खरी रोजनिशी, आणि नव्याने सुरू करणाऱ्याला तीच सगळ्यात लवकर फळते. पेरणीची तारीख, वाण, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर, कोणतं औषध किती पंपांना किती टाकलं, मजूर किती आणि रोज काय दिला, आडतीला काय भाव मिळाला. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करताना बिल, पिशवीचं लेबल आणि लॉट नंबर लागतो. त्या वेळी पिशवी शोधत उकिरडा धुंडाळण्यापेक्षा वहीचं पान उघडलेलं बरं. बिल आणि लेबल त्याच पानावर टाचणीने लावून ठेवा.

पावसाची नोंद ह्या वहीत सगळ्यात महत्त्वाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन-कपाशीची पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण तो पाऊस तुमच्या शिवारात किती तारखेला पुरा झाला? महसूल मंडळाच्या ठिकाणी पडलेला आकडा तुमच्या बांधावर लागू होईलच असं नाही. साधं प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक अंगणात मोकळ्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर लावा, रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत लिहा आणि पाणी ओतून द्या. तीन-चार पावसाळ्यांची वही झाली की मृगात आपल्याकडे खरोखर काय पडतं आणि खंड साधारण कधी येतो, हे गावगप्पांतून नाही, तुमच्या हातच्या आकड्यांतून कळतं.

साखर किंवा रक्तदाब असणाऱ्यांची वही छोटी असते. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा, त्या दिवशीचं औषध, आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. ‘लग्नात जिलबी’ हे दोन शब्द डॉक्टरांना आकड्याइतकेच उपयोगी पडतात. ते लपवाल तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल.

कोणी वाचेल म्हणून

दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे ‘खाजगी वही’ हा प्रकार अवघड असतो. सल्ले देणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं. मार्ग आहेत. वहीवर ‘किराणा २०२५’ असं लिहा. असली वही उघडायची इच्छा घरात कोणालाही होत नाही. ऑफिसच्या खणात ठेवा. नावांच्या जागी आद्याक्षरं किंवा तुम्हीच ठेवलेली टोपणनावं घाला, पण त्यांची किल्ली वेगळ्या कागदावर जपून ठेवा, नाहीतर पुढे ‘ब.’ म्हणजे बंड्या की बाबासाहेब हे तुम्हालाच आठवायचं नाही. मोडी येत असेल तर मोडीत लिहा. आजकाल मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, शिकायला हे एक चांगलं निमित्त. लंडनचा आरमारी अधिकारी सॅम्युअल पीप्स १६६० ते १६६९ अशी नऊ वर्षं लघुलिपीत डायरी लिहीत होता, आणि ती वाचून काढायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

काही गोष्टी मात्र कोणत्याही लिपीत लिहू नका. बँकेचे पासवर्ड, पिन. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित, कारण ते तुमचं नाही. रागाच्या भरात कोणाबद्दल जे ओकायचं आहे ते सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका; दुसऱ्या दिवशी वहीत ‘अमक्याशी वाजलं, कारण हे’ एवढी कीर्द पुरे. आणि आईवडिलांसाठी एक, पोराची किंवा पोरीची डायरी हाताला लागली तर वाचू नका. एकदा वाचलीत की पोर पुन्हा लिहिणार नाही, किंवा तुमच्यासाठी म्हणून वेगळी लिहील.

मन जड असताना

वर ‘घडलेलं आधी, वाटलेलं मागून’ असं म्हटलं, त्याला इथे अपवाद. मृत्यू, फसवणूक, नोकरी जाणं, घरातली मारहाण असलं काही आतून कुरतडत असेल तर चार ओळींची कीर्द पुरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या अनुभवाबद्दल लिहायचं. काय घडलं तेही आणि काय वाटलं तेही, न थांबता, व्याकरणाकडे न बघता. लिहून उठल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यांत, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. नंतर अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला. काहींत परिणाम लहान निघाला, काहींत दिसलाच नाही. म्हणजे हे रामबाण नव्हे, पण करून बघायला हरकत नाही.

करायचं तर गजर लावा, १५ मिनिटांनी थांबा, आणि लिहिल्यावर लगेच एकटे बसू नका. चहा करा, फेरी मारून या. घटना अगदी ताजी असेल तर काही आठवडे जाऊ द्या. तेच तेच लिहून गाळात अधिक रुतत चाललोय असं वाटलं तर लिहिणं थांबवा आणि माणसाशी बोला. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

फोनवर लिहायचं का?

लिहा. लोकलमध्ये उभं राहून वही उघडता येत नाही. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आता बऱ्यापैकी चालते, हात दुखणाऱ्या आजी-आजोबांना तर ती फार उपयोगी. अट एकच, लिहिलेलं बाहेर काढता आलं पाहिजे. ॲप निवडताना आधी ‘एक्सपोर्ट’ कुठे आहे ते बघा; ते नसेल तर दुसरं ॲप घ्या. महिन्यातून एकदा सगळं एका फाइलमध्ये काढून स्वतःला मेल करा. फोन हरवतात, पाण्यात पडतात, ॲपं बंद होतात. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून डायरी लिहिणारे पुष्कळ आहेत. सोय उत्तम, पण मागचं शोधताना जीव जातो. बाकी मला विचाराल तर घरात असताना वहीच.

वही भरत आली की

पानांना आकडे घाला. शेवटची दोन पानं पहिल्या दिवसापासून कोरी ठेवा आणि तिथे अनुक्रम करत जा. ‘ताईचं लग्न, पान ४१. बोअरचं काम, पान ६३. बाबांची अँजिओग्राफी, पान ८८.’ महिन्यातून एकदा पाच मिनिटं दिली की होतं. अनुक्रम नसलेली वही म्हणजे बटाट्याच्या चाळीत पत्ता शोधणं.

पहिली वही पार पडली आणि हात बसला, तर पुढच्या वर्षी पाच वर्षांची वही करून बघा. चारशे पानी रजिस्टर घ्या. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानांवर फक्त तारीख आणि महिना घाला, साल नाही. प्रत्येक पान आडव्या रेघांनी पाच भागांत पाडा. ह्या वर्षी वरच्या भागात लिहायचं, पुढच्या वर्षी त्याच पानावर त्याखाली. दुसऱ्या वर्षापासून रोज लिहिताना गेल्या वर्षीचा हाच दिवस नजरेखालून जातो. जागा चार-पाच ओळींचीच, त्यामुळे पाल्हाळ आपोआप सुटतो. सुरुवातीलाच ही वही घेऊ नका. पाच वर्षांच्या कोऱ्या रकान्यांनी भलेभले घाबरतात.

भरलेल्या वह्यांच्या पाठीवर कागदाची पट्टी लावून ‘जून २०२५ ते मार्च २०२६’ असं लिहा आणि उभ्या लावा. कोकणात, गोव्यात, मुंबईत खरा शत्रू दमट हवा. भिंतीला टेकलेल्या कपाटात, माळ्यावर किंवा पलंगाखाली वह्या ठेवल्या की एका पावसाळ्यात बुरशी चढते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वह्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, आणि ओलसर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ती कुजते. पत्र्याची ट्रंक असेल तर तळाला कोरडी फळी टाका. कडुनिंबाची पानं घालायची असतील तर पूर्ण सुकवून. डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर कापडाच्या पुरचुंडीत, वहीला न लागतील अशा आणि मुलांच्या हाताबाहेर. पाऊस संपला, दसऱ्याच्या आसपास ऊन कडक झालं, की सगळ्या वह्या बाहेर काढा, सावलीत पंख्याखाली उघड्या करून एक दिवस ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा. थेट उन्हात नको, शाई उडते. त्या दिवशी दुसरं काही काम हाती घेऊ नका. वह्या उघडल्या की वाचल्या जातात, आणि संध्याकाळचा स्वयंपाक लांबतो.